मे महिन्यातला काळा कोट

आमच्या घरात काळ्या कोटावर कुणाचाच विश्वास नव्हता. काळा कोट घालणारी माणसं आम्हाला दोनच ठाऊक होती, एक वकील आणि दुसरा गाडीतला टीसी. या दोघांपैकी कुणीही समोर येऊन उभं राहिलं तर आपलं काहीतरी जाणार, हाती काही लागणार नाही, असं बाबांचं पक्कं मत होतं. तिसरा काळा कोट गणपतीत येणाऱ्या जादूगाराचा. तो कोटातून जिवंत कबुतर काढायचा आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. बाबा टाळी वाजवत नसत. "कबुतर निघालं ते सगळ्यायनं पाह्यलं," घरी परतताना ते म्हणायचे, "आत कवा गेलं, ते कोनी पाह्यलं?" आत्याचा विचार आणखी सरळ होता. काळं कापड अंगाला लागावं ते संक्रांतीला. एरवी काळं घालून जो दारात येतो तो एक तर सुतक घेऊन येतो, नाही तर समन्स.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा मुलगा. नागपूरच्या मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत तो दिवसभर एसीच्या गारठ्यात बसतो. परवा जेवताना त्यानं विचारलं, "आई, एक काळा सूट शिवून घेऊ का? प्रत्येक पुरुषाच्या कपाटात एक तरी असावा म्हणतात." कोण म्हणतात ते त्यानं सांगितलं नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो हसला. एका सुटात विचार करण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं असणार. त्याला अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली इथं लिहून ठेवते, म्हणजे शिवलाच त्यानं सूट तर डोळे उघडे ठेवून शिवेल.

आम्ही तेव्हा धरमपेठेत राहायचो, एका मोठ्या घराच्या मागच्या अंगाला, तीन खोल्यांत. पुढच्या खोलीत सकाळी शिकवणीची मुलं पाढे म्हणायची आणि मधल्या खोलीत आत्याचा खलबत्ता त्यांना ठेका द्यायचा. मधली खोली आणि पुढची खोली यांच्यात दार नव्हतं, आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. बाबा शाळेत गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर असते असं नाही, हे त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते त्यांनी गणितापुरतं ठेवलं नव्हतं. दूधवाला वेळेवर आला तर आज हा वेळेवर का आला, असं ते विचारायचे. नातेवाइकांनी कौतुक केलं तर दोन दिवस ते कौतुक मनात घोळवून त्यातली चूक शोधायचे. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच होती. ती माणसाला नाकानं ओळखायची. कुणाच्या घरी जेवून आली की त्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही ते आमटीच्या वासावरून सांगायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. आई काहीच बोलायची नाही, फक्त ऐकताना डोळे थोडे बारीक करायची. एवढ्यानं बोलणारा अडखळायचा. मीही याच घरातली. आजही दूध तापवण्याआधी तीनदा हुंगते, आणि कुणी कारण नसताना "बारीक झालात हो" म्हणालं की ह्या बाईला काय हवं असेल, हाच विचार आधी येतो.

त्या वर्षी माझ्या लग्नाचं चाललं होतं. दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांनी मुलगी उंचीला कमी पडते म्हणून कळवलं. दुसऱ्यांनी काहीच कळवलं नाही. बाबांना राग दुसऱ्यांचा आला. रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला ते शून्य द्यायचे, इथं तर उत्तरसुद्धा नव्हतं. मला मात्र दोन्ही नकार सारखेच लागले. पुढचं स्थळ होतं काटोलचं. त्यामागे एक अमरावतीचं राखीव ठेवलेलं होतं, चाळिशीचे बिजवर, दोन मुलं, किराण्याचं दुकान, आणि हसले की दिसणारा एक सोन्याचा दात. दिगूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रोज संध्याकाळी चहाला यायचा आणि बशीत चहा ओतताना म्हणायचा, "काटोलचं नाही जमलं तर अमरावती आहेच नं बेबे." मला त्या दाताची स्वप्नं पडायला लागली होती.

काटोलच्या मुलाचं नाव मनोहर. तिथल्या सरकारी रोपवाटिकेत संत्र्याच्या कलमांवर तो कामाला होता. फोटो आला होता तो खाकी शर्टातला, कान जरा मोठे. बाबांनी फोटो उलटा करून पाहिला, मागं काही लिहिलेलं नव्हतं. "बरं दिसते," एवढंच म्हणाले. पण त्यांची एक अट होती. शाळा सुरू झाली की त्यांनी स्वतःच्या लग्नालाही रजा घेतली नसती, तेव्हा मुलानं यायचं ते उन्हाळ्याच्या सुटीत. हा निरोप पोचवायचं काम दिगूमामाकडे आलं, कारण हे स्थळ त्यानंच आणलेलं. चौकातल्या दाण्याच्या दुकानात फोन होता, आणि काटोलला मुलाच्या घराशेजारी एका संत्र्याच्या अडत्याकडे. मी सोबत होते. मामानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "मुलाले सुटीत धाडा म्हना! हो हो, सुटीतच! मास्तर म्हन्तात एरवी जमनार नाही!" पलीकडून खरखर, मग शांतता, मग "बरं."

 घरी आल्यावर दारात चपला काढता काढता मामा म्हणाला, "बरं म्हनायले येवढा वेळ काहून लागला असंन त्यायले?"

झालं. तिथून घरात शंकेनं जे बस्तान बसवलं ते उठेचना. त्यात मामाच्या ओळखीचा एक एसटीचा कंडक्टर काटोलच्या गाडीवर होता. मामानं त्याला मुलावर नजर ठेवायला सांगितलं, म्हणजे आपली साधी चौकशी, सगळेच करतात. आठवड्यानं कंडक्टरनं बातमी दिली. मुलगा चांगला आहे, सुपारीसुद्धा खात नाही, पण हल्ली ऑफिस सुटल्यावर कोर्टाच्या मागच्या गल्लीत जाताना दोनदा दिसला.

"कोर्टाच्या मांगं काय असते?" आत्यानं विचारलं.

"वकील असतात, दुसरं काय असंन?" मामा म्हणाला.

"म्हणजे केस आहे," बाबा म्हणाले. "एक तर जमिनीची, नाही तर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. आईनं डोळे बारीक केले. मी त्या रात्री उशीवर डोकं ठेवून नाही तरच्या पुढचं वाक्य किती प्रकारे पुरं करता येईल ते पाहत राहिले. फोटोतल्या त्या कानांना सगळेच प्रकार शोभत होते.

मुलगा यायचा तो रविवार उजाडला. मेमधला नागपूरचा रविवार म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी दहाला रस्ता ओस, डांबर चपलेला धरतं, आणि ज्याला बाहेर पडणं भागच आहे तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून निघतो. पाहुण्यांसाठी म्हणून घरमालकांचा कूलर मागून आणला होता. वाळ्याच्या ताट्यांचा, माझ्या उंचीचा, आणि त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. तो सुरू झाला की पुढच्या खोलीतला माणूस मधल्या खोलीतल्या माणसाशी हातवारे करून बोलायचा, नाही तर ओरडायचा. आत्या पहाटेपासून पुडाच्या वड्यांच्या मागे होती. दोन जुड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून, धुऊन, फडक्यावर कोरडा केलेला. त्यात सुकं खोबरं, चारोळी, तिखट. सगळं पारीत भरून तिनं पाकिटासारखं मिटलं आणि तळलं. घरभर तो वास, आणि कढीच्या फोडणीचा. माझं काम एवढंच की वड्या मी केल्या असं सगळे म्हणतील तेव्हा खाली पाहायचं.

सायकलरिक्षा थांबल्याचा आवाज आला म्हणून मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. रिक्षातून एक काळा सूट उतरला. दुसरा शब्द मला सुचत नाही, कारण आधी सूटच दिसला, माणूस नंतर. काळा कोट, तिन्ही गुंड्या लावलेल्या, काळी पँट, गळ्यात टाय, आणि वर घामानं निथळणारा तांबडा चेहरा, दोन्ही बाजूंना कान. रिक्षावाला पुढे जायचं सोडून तसाच उभा राहून बघत होता. दार उघडायला गेलेल्या मामाचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. तिकीट काढायला गेला तो हात, हे मामानं पुढे मरेपर्यंत नाकारलं, पण मी पाहिलं आहे.

"एकटेच?" बाबांनी विचारलं.

"वडलांना ऊन बाधलं," मुलगा म्हणाला. "आई म्हणाली, आधी तू जाऊन ये."

बाबांनी मामाकडे पाहिलं. मामानं छताकडे. कूलरसमोरच्या खुर्चीत पाहुण्याला बसवलं आणि मग सुरू झालं ते कोट काढायचं. "कोट काढून बसा नं आरामात," बाबा म्हणाले. "नाही, ठीक आहे," तो म्हणाला. आईनं पाणी देताना म्हटलं, "काढा नं, घरच आहे." "असू द्या, असू द्या." मामानं तर उठून हात पुढे केला, "द्या मले, खुंटीले टांगतो." त्यावर मुलानं दोन्ही हातांनी कोटाच्या कडा अशा धरल्या की मामाच खाली बसला. आत्या कधी पुरुषांपुढे यायची नाही, तीही पडद्याआडून म्हणाली, "अवो, भाजून निघान त्यात!" तो हसला, रुमालानं मान पुसली आणि गुंड्या तशाच ठेवल्या.

मी वड्यांची ताटली घेऊन गेले. खाली पाहायचं होतं म्हणून मला त्याचे फक्त बूट दिसत होते आणि बुटांशेजारी फरशीवर टपटपणारा घाम. "वड्या बेबीनं केल्या," बाबा कूलरच्या वर आवाज काढून म्हणाले. त्यानं एक वडी मोडली, खाल्ली. मग सरळ मलाच विचारलं, "सारणात खसखस आहे की चारोळी?" आजवर आलेल्या कुणीही मला वडीच्या पोटात काय आहे हे विचारलं नव्हतं. मी आवाजात शक्य तेवढा आत्मविश्वास आणून म्हटलं, "खसखस." पडद्यामागून आत्या कळवळली, "चारोळी वं पोट्टे, चारोळी!" मी मान वर केली. तो कूलरकडे तोंड फिरवून बसला होता आणि त्या काळ्या कोटाचे खांदे गदगदा हलत होते. भट्टीत बसलेला माणूस हसू शकतो हे मला तेव्हा कळलं. मला तो आवडला. आणि लगेच पुढची शंका आली, की मग हा कोट का काढत नाही?

मधल्या खोलीत आल्यावर पाहिलं तर तिथं कोर्ट भरलेलं. मामा आणि आई आधीच आत, बाबाही काहीतरी निमित्त काढून आले. कूलरची गिरणी चालू, त्यामुळे सगळे बेधडक मोठ्यानं बोलत होते.

"शर्ट फाटका असंन आतून," बाबा म्हणाले. "कॉलर आणि मनगट तेवढं बरं, बाकी चिंध्या."

"फाटक्या शर्टासाठी कोनी भाजून मरते का गा?" मामा म्हणाला. "मी सांगतो, ह्याच कोटासाठी तो कोर्टात जाऊन राहिला होता. हा स्वतःच वकील होऊन राहिला चोरून. उद्या आपल्यावरच केस ठोकीन."

"कशाची?"

"ते त्याले माहीत!"

आई पहिल्यांदाच बोलली. "एकटा काहून धाडला? मायबापायले माहीत तरी आहे का आला तो?"

आत्याला हे सगळंच पोरकट वाटत होतं. तिनं पदर खोचला, झाऱ्या हातात घेतला, आणि कढईच्या वर, कूलरच्या वर, सगळ्यांच्या वर आवाज काढून निकाल दिला. नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. कूलर एक गचका देऊन थांबला, आणि त्या ठार शांततेत आत्याचं वाक्य एकटंच घरभर घुमलं: "दंडावर दुसऱ्या बायकोचं नाव गोंदलं असंन त्यानं, म्हनून काढत नाही कोट!"

पडद्यापलीकडे खुर्ची करकरली. 

झाऱ्यातून तेल गळत होतं. बाबा भिंतीकडे पाहत होते, जणू तिथं फळा आहे. आता बाहेर कोण जाणार? बाबा जाईनात, मामानं पाणी प्यायला घेतलं ते संपेना, आई मान हलवून म्हणाली, मी नाही. मला दिसत होतं काय होणार ते. पाच मिनिटं कुणी बाहेर गेलं नसतं तर तो उठून गेला असता, आणि बरोबरच केलं असतं. संध्याकाळी मामानं बशीत चहा ओतला असता, आणि अमरावतीला पत्र गेलं असतं. मी पन्ह्याचा पेला उचलला आणि पडदा सारला.

तो उभाच होता. चेहरा आता तांबडा नव्हता, पांढरा पडला होता, केस कपाळाला चिकटलेले. मला कॉलेजात शिकलेलं शुद्ध बोलायचं होतं, सगळं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते घरचंच. "तुम्ही हा कोट काहून घातला?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की हा प्रश्न मी विचारावा हाच त्याला अन्याय वाटला असावा. "तुम्हीच सांगितलं नं घालायला."

"आम्ही?"

"तुमच्याकडून फोन होता. मुलाला सुटातच पाठवा. एरवी जमणार नाही."

पडदा एकदम बाजूला झाला. बाबा, मामा, आई, सगळे तिथंच कान लावून उभे होते. "सुटीत!" बाबा ओरडले. "सुटीत म्हटलं होतं! उन्हाळ्याच्या सुटीत!" मग सगळ्यांनी मिळून मामाकडे पाहिलं.

"म्या तर चांगलं ओरडून सांगतलं," मामा म्हणाला.

"म्हनूनच बाप्पा," आत्या आतून म्हणाली.

मग मनोहर खुर्चीत बसला आणि पन्हं एका दमात संपवून त्यानं सांगायला सुरुवात केली. अडत्याच्या मुनीमानं निरोप आणला तेव्हा त्यांच्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. मे महिन्यात सूट मागणारी माणसं कसली असतील? इंग्रजांच्या वेळचे कुणी असतील का? मुलीत काही खोट असेल आणि त्यावरून लक्ष उडावं म्हणून हा थाट असेल का? त्याच्या काकांनी तर सांगितलं की पाहायला जाणाऱ्याकडून आज सूट मागतात, तर उद्या घोडा मागतील. आई तर अजून रागावलेलीच होती. मला ऐकताना फार बरं वाटलं. आमच्यासारखंच घर होतं. मनोहरनं जन्मात कोट घातला नव्हता. काटोलात कोट शिवणारा शिंपी एकच, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, आणि त्याला कोट म्हणजे वकिलाचाच ठाऊक. कापड काळं, काप तोच, दुसरं ठेवतच नाही. माप द्यायला एकदा जावं लागलं, अंगावर घालून बघायला एकदा.

"दोनदा," मामा पुटपुटला, आणि कंडक्टरविषयी काहीतरी म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही.

"अहो, मग आता तरी काढा!" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता विनवणी होती.

"आता नाही काढता येत," मनोहर म्हणाला. बाबांच्या कपाळावर पुन्हा आठी. त्यानं आत्याच्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि एकेक गुंडी सोडली. आतला पांढरा टेरिलीनचा शर्ट पांढरा नव्हता. कोटाचं अस्तर हलकं, त्याचा रंग घामानं सुटलेला. छाती, पाठ, दोन्ही बाह्या जांभळ्या-काळ्या. कोटाच्या आत आणखी एक कोट घातल्यासारखा तो दिसत होता. गाडीनं कळमेश्वर सोडल्यावर मनगटाशी डाग दिसला तेव्हाच त्याला कळलं होतं, म्हणाला, पण परत फिरणार कसा?

मी आजही त्या शर्टाचा विचार करते तेव्हा मुलाला काय सल्ला द्यावा ते सुचत नाही. कोट लग्नानंतर आत्यानं तीन पाण्यांतून काढला, तिसऱ्या पाण्यालाही रंग जात होता. पुढे कुणाच्या मुंजीत, कुणाच्या सत्कारात त्याची आठवण निघाली, पण कुणी तो अंगात घालायचं धाडस केलं नाही. दर दिवाळीला तो उन्हात टाकायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा, एवढाच त्याचा उपयोग. असा कपडा कपाटात असावा का? जागा तर अडवतोच. पण आमच्या घरात दुसऱ्या कुठल्याही कपड्यानं इतक्या माणसांना एकाच वेळी गप्प केलेलं मला आठवत नाही.

गप्पपणा आत्यानंच मोडला. इतका वेळ पडद्याआड असलेली ती सरळ बाहेर आली, म्हणाली, "चला, मोरीत चला, लेकरू उकडून गेलं," आणि साबणाची वडी त्याच्या हातात दिली. दहा मिनिटांनी तो बाबांची बिनबाह्यांची बंडी घालून बाहेर आला. आत्यानं टॉवेल द्यायच्या निमित्तानं आधी उजवा दंड पाहिला, मग मागून फिरून डावा. तिनं ते जरासुद्धा लपवलं नाही.

"डाव्यावर देवी काढल्याची खूण आहे तेवढी," मनोहर म्हणाला.

"हो, ते दिसली," आत्या म्हणाली, आणि पान वाढायला घेतलं.

जेवताना लाईट आली नाही. बाबा स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत होते, आधी पाहुण्याला आणि मग स्वतःला. बोलणं निघालं ते संत्र्याच्या कलमांचं, जंबेरीच्या रोपावर डोळा कसा बांधतात त्याचं, आणि बाबांनी त्यात आठ शंका काढल्या. मनोहरनं प्रत्येकीला उत्तर दिलं, दोनदा "ते मला माहीत नाही" म्हणाला. मनोहर तिसरी पोळी घेत असताना बाबा हात धुवायच्या निमित्तानं मधल्या खोलीत आले. आजवर त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, ना उंचीच्या वेळी, ना न आलेल्या उत्तराच्या वेळी. ते माझ्यासमोर ओले हात धरून उभे राहिले. "काय म्हन्तेस बेबे?"

"माझं हो आहे," मी म्हटलं. "पण त्यांच्या आईचं काय? त्या तर रागावल्या आहेत."

"त्याच्या मायचं राहू दे. मले तर याचीच शंका येऊन राहिली अजून."

"आता कसली?"

बाबांनी पडद्याकडे पाहून आवाज खाली आणला. "येवढा सरळ मानूस असते का कुठं?"

चारच्या गाडीला त्याला जायचं होतं. शर्ट दोरीवर जांभळाच वाळला होता, म्हणून बाबांचा खादीचा सदरा त्याला दिला. तो गुडघ्यापर्यंत येत होता. कोट पिशवीत बांधला, आणि डोक्याला आत्यानं दुपट्टा गुंडाळून खिशात कांदा कोंबला. मामा रिक्षा आणायला गेला. बाबा एकाएकी घरमालकांना कूलरविषयी काहीतरी सांगायला गेले, आईला आत काम निघालं, आणि ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. ऊन अजून पांढरं होतं. मला विचारायचं होतं ते एकच, आणि ते कसं विचारावं हे कळत नव्हतं. शेवटी तोच बोलला.

"आई यायला तयार नव्हती. निघताना म्हणाली, सूट घालून जा, पण एक पाहून ये. या उन्हात तुला कुणी कोट काढ म्हणतं का. म्हटलं तर पुढचं बोलू. नाही म्हटलं तर पाणी पिऊन परत ये."

 तसे सगळेच म्हणाले होते, कोट काढा, कोट काढा. कुणी फाटका शर्ट पाहायला, कुणी गोंदलेलं नाव पाहायला. आणि लाईट गेल्यावर आत्याचं ते वाक्य त्यानं त्याच खुर्चीत बसून ऐकलं होतं.

"मग त्यांना काय सांगणार?" मी विचारलं.

गल्लीच्या तोंडाशी मामाची रिक्षा वळताना दिसली. मनोहरनं पिशवी उचलली, दुपट्ट्याचं टोक कानामागे खोचलं, आणि पहिल्यांदाच आमच्या घरच्या बोलीत म्हणाला, "सगळ्यायनं कोट काढ म्हटलं, येवढं सांगतो. काहून म्हटलं, ते नाही सांगत."